बिनमिठाची आंबील

गुरजी, मी लिहायलेय. मी म्हंजे कोण ते वळखा बरं. तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसायची, जिची वेणी तुमी दोनदा बाकाच्या खिळ्यातनं सोडवलीत, आन जी तुमच्या पाठीमागं तुमच्यावाणीच चालून दाखवायची, ती. वळखलं? आता माझ्या डोक्यात काळा केस हुडकावा लागतोय, पर खोडी तितकीच हाय. हाय म्हंजे, होती. दिवाळीपतोर होती. तेच सांगायला बसलेय. तुमी सातवीपतोर शिकवलंत, त्येच्या पुढची शाळा कानडी होती आन बापानं धाडली न्हाई, म्हणून ऱ्हस्व दीर्घ बघत बसू नका. लाल पेन तिकडंच ठिवा. तुमाला जाऊन तीस वरसं झाली, आता तरी चुका काढायचं सोडा की.

तुमची नक्कल मला आजबी येती. तुमचा डावा पाय जरा ओढत यायचा. उजवा टपकन पडायचा आन डावा मागनं सरकत यायचा, नको नको म्हणत औताला येणाऱ्या बैलावाणी. बोलायच्या आधी तपकिरीची चिमूट, मग धोतराच्या सोग्यानं नाक पुसायचं, मग घसा खाकरायचा, आन मग म्हणायचं, "हं, बोला." ते "हं, बोला" मला असं जमायचं की पोरं पोट धरून लोळायची. येकदा मी टेबलापाशी रंगात आलते आन पोरं येकदम गप झाली. मागं बघते तर तुमी दारात. मला वाटलं, आता पाठ फुटती. तुमी छडी घेतलीत, माझ्या हातात दिलीत आन म्हणलात, "करायची तर पुरी कर. छडी कुठाय तुझी?" त्या दिवसापासनं मला तुमची भीती वाटायची गेली. भीती गेली आन जीव लागला.

मार्गशीर्षातल्या अवसेचा, येळवसचा दिवस तुमाला मी काय सांगू? गावाला कुलपं लागायची आन सगळी माणसं शेतात. शाळूच्या रानात कडब्याची कोप, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगडाचे पाच पांडव, सगळ्या पालेभाज्या आन शेंगांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, आन ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली आंबील, मोठ्या मडक्यात. आन वाटंनं जो जाईल त्येला हाक मारायची. वळखीचा असो नसो, मराठी असो का कानडी, हाक मारली की त्यानं न्हाई म्हणायचं न्हाई. तुमी तर दर साली शाळेतल्या पोरांच्या रानानं फिरायचात. हरेक कोपीत दोन घास. उन्हं कलेपतोर तुमचं पोट नगाऱ्यावाणी व्हायचं, आन आमी पोरी बांधाआड बसून तुमचे ढेकर मोजायचो. अठरा मोजलते येकदा. लिहून ठिवलते मी पाटीवर.

आन मग ते साल. येळवसच्या वीसेक दिवस आधी तुमच्या घरच्या बाई गेल्या. चार दिवस ताप आला आन गेल्या. ज्येच्या घरातलं माणूस गेलंय त्येला वरीसभर सण न्हाई, म्हणून गावानं ठरवलं की औंदा गुरजीला कोणी हाक मारायची न्हाई. मला कोणी सांगितलं न्हाई. का सांगितलंबी आसंल आन मी ध्यान दिलं न्हाई. दुपारी तुमी वाटंनं यायलेलात, येकटे. ह्या बाजूच्या रानातनं माणसं माना खाली घालायली, त्या बाजूच्या रानातनं माना खाली घालायली. मी बांधावर चढले आन बोंबलले, "ओ गुरजी! जेवायला या!" मायनं कमरंला असा चिमटा काढला की आठ दिवस वळ होता. तुमी थांबलात. आन हाक आली म्हणून आलात.

कोपीत बसलात. मायनं वाढलं. बाप जमिनीकडं बघायलाय, माय चुलीकडं बघायलीय, आन तुमच्या हातात भज्जीचा घास तसाच. वर जाईना, खाली येईना. मला अजून तो हात दिसतोय गुरजी. बोटावरनं रस्सा गळायलाय. मग तुमी माझ्याकडं बघून म्हणलात, "का गं, माझी नक्कल बंद केलीस का काय?"

"न्हाई गुरजी."

"मग कर की."

माय म्हणली, "गुरजी, लेकरू हाय ते, त्येला काय कळतंय, जाऊ द्या."

"करू द्या तिला. तिला छडी द्या कोणीतरी."

बापानं गुमान येक तुराटी मोडून दिली. मी केली. पाय ओढला, तपकीर वढली, नाक पुसलं, आन "हं, बोला" म्हणले. तुमी असं हसलात, असं हसलात की आंबील नाकात गेली. तुमाला बघून बाप हसला, माय पदरात तोंड घालून हसली. मग तुमी दोन भाकरी खाल्ल्या. हात धुताना मला जवळ बोलवून हळूच म्हणलात, "पोरी, मला हसू आलं असं वाटलं का तुला?"

"व्हय की."

"आलं न्हाई. आणलं. हिरीवरनं पाणी आणतो का न्हाई आपण रोज? तसं. ते चालत घरात येत न्हाई."

मग "आलोच" म्हणून तुमी तुरीकडं गेलात. मी लबाड. कोणी बघत नसताना तुमचा पाय ओढतोय का न्हाई ते बघायला मागनं गेले. तुमी तुरीच्या दोन ओळींमधी उकिडवे बसलेलात. सोगा तोंडात कोंबलेला. सगळं अंग हालायलेलं, आन आवाज काडीचा न्हाई. मी पळाले. ठेच लागली तरी थांबले न्हाई. गुरजी, हिरीची गोष्ट मी जलमभर सगळ्याला सांगत आले. माहेरी सांगितली, सासरी सांगितली, बाजारात सांगितली. तुरीतली कोणाला सांगितली न्हाई. मला वाटायचं, मी नक्कल केली म्हणून तुमी रडलात.

पर तुमचं बोलणं मी धरून ठिवलं. आमचे मालक सहा वरसाखाली गेले. गव्हाला पाणी सोडून बांधावर बसले ते बसलेच. तिसऱ्या दिवशी बाया गळ्यात पडून रडायल्या, तवा मी म्हणले, "माय, आता घोरणं बंद झालं, आता मला झोप लागायची कशी?" बाया आधी हसल्या, मग डबल रडल्या. तवापासनं मी नेम धरला की सकाळी येक तरी माणूस हसवायचा आन मगच भाकरीला हात लावायचा. रोज दोन कप चहा करायची. येक मालकाच्या फोटूपुढं ठिवायची आन म्हणायची, "घ्या. न्हाई पीत? बरं, मीच पिते तुमचाबी." औरादच्या बाजाराला निघाले की बसचा कंडक्टर इचारायचा, "अज्जी, यल्लिगे?" कुठं म्हणून. मी म्हणायची, "नवरा बघायला चाललेय, अर्धं तिकीट दे." आख्खी बस हसायची. लोकाला वाटायचं, ह्या बाईला दुःख म्हणून न्हाई. कामून न्हाई? व्हतं की. पर दोर हातात होता, हिरीला पाणी होतं, मी रोज वढायची.

आता माझ्या लेकीचं सांगते. येकच लेक. खजुरीकडं दिलती. जावई माणूस बघा कसा, सासूची थट्टा करणारा. "मामी, तुमी इतक्या बोलताव, मामा कानात कापूस घालून झोपायचे का?" असा. औंदा गुढीपाडव्याच्या नंतर ट्रॅक्टर उलटला आन तो खाली सापडला. लेक माझ्याकडं आली ती कणगीच्या बाजूला, भितीकडं तोंड करून बसली. लेकरू न्हाई, बाळ न्हाई. दोन घास खायाची, उठून पाणीबी घ्यायची न्हाई. पयले दोन महिने मी गुमान होते. मग म्हणले, आपल्याला येतंय ते करावं. शेजारच्या अक्काची चाल करून दाखवली, शेळीसंगं भांडून दाखवलं, फोटूतल्या मालकाला शिव्या देऊन दाखवल्या. ती भितीकडंच. मला वाटायचं, आज न्हाई तर उद्या. आणायचं म्हणलं की येतंय, गुरजीनं सांगितलंय.

दिवाळीत मी कढी केली. जावयाला कढी लई आवडायची. डोळे मिटून, वाटी तोंडाला लावून असा सुर्र आवाज काढायचा की गल्लीत ऐकू जायाचं, आन लेक त्येच्यावर चिडायची आन हसायची. मला कुठली बुद्धी झाली गुरजी? म्या डोळे मिटले, वाटी तोंडाला लावली आन तसंच सुर्र केलं. जशीच्या तशी नक्कल. तुमची केलती तशी. मला वाटलं, तुमी हसलात तशी हीबी हसंल.

ती उठली. सहा महिन्यात पयल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं तिनं. ताट भिरकावलं. म्हणली, "माय, तुला काळीज हाय, का तिथंबी नक्कलच हाय? बाप गेला तवाबी तू तिसऱ्या दिवशी हसलीस. मी बघितलंय. सगळी दुनिया रडायली आन तू हसायलीस. तुला काय कळायलंय माझं?" आन परत भितीकडं.

त्या दिवसापासनं घरात आवाज न्हाई. मी फोटूपुढं चहा ठिवायचं सोडलं. बसमधी कंडक्टर इचारायला, "अज्जी, एन आग्याद?" काय झालंय म्हणून. मी तिकीट घेतलं आन खिडकीतनं बघत बसले. येक दिवस सकाळी मी हाक मारली, "बाई, ऊठ माय." तर ती भितीकडंच बघत म्हणली, "कामून उठू? येक कारण सांग."  मी म्हणले, "चहा झालाय." तिनं मान हालवली. रडली असती तर बरं झालं असतं. फवारणीचं औषध घरात होतं, ते मी त्याच दिवशी पदराखाली लपवून अक्काच्या घरी नेऊन दिलं. अक्कानं माझ्याकडं बघितलं. बाटली पेटीत टाकून कुलूप लावलं. तवापासनं मी घरातनं निघाले की दहा पावलावर मागं वळून बघते. अशी जगायलेय.

येळवस जवळ आली. अक्का म्हणली, "औंदा तुमचं न्हाई ना?"

मी म्हणले, "हाय."

"अगं, जावई जाऊन वरीस झालं न्हाई. लोक काय म्हणतील?"

"लोक आंबील पितील आन जातील."

म्हणले खरं, पर आतनं काय न्हवतं. भरवशानं न्हाई केलं गुरजी मी. दुसरं काय सुचंना म्हणून केलं. तांबडं फुटायच्या वक्ती चूल पेटवली, पीठ कालवलं, भज्जी टाकली.  लेकीला म्हणले, "चल." ती म्हणली, "तू जा. तुला हसायचंय, तू हस." अक्काला म्हणले, घराकडं ध्यान ठिव. आन मडकं डोक्यावर घेऊन येकटी निघाले.

रानात पांडव पुजले, आंबील शिंपली आन बांधावर येऊन हुबी राहिले. वाटंनं माणसं जायलीत. मोटारसायकलवर मडकी घेऊन, पोरंसोरं घेऊन. मला बघून सगळे माना खाली घालायले, जशा तुमाला बघून घातल्या होत्या. कोणीतरी थांबावं म्हणून हाक मारायला मी तोंड उघडलं. आवाज निघंना. आख्ख्या गावात माझ्या बोंबलण्याची थट्टा व्हती, आन "जेवायला या" हे दोन शब्द निघंनात. मी तिथंच धुरळ्यात बसले. म्हणले, गुरजी, आणावं लागतंय म्हणलात, पर हीरच आटली तर काय करायचं ते तुमी सांगितलंच न्हाई. तुमच्यावर इतका राग आला मला. तुमी समोर असता तर तुमचीच छडी तुमाला मारली असती.

ऊन डोक्यावर आलतं. गावाकडनं कोणतरी यायलेलं दिसलं. केस सुटलेले, पायात चप्पल न्हाई, आन येक मूठ गच्च आवळलेली. माझी लेक. मागं लांबवर अक्का, लेक नीट पोचतीय का न्हाई ते बघत हुबी. लेक माझ्यापुढं आली, मूठ उघडली. मूठभर मीठ. घामानं भिजलेलं, बोटाला चिकटलेलं.

"आंबिलीत मीठ न्हाई," म्हणली.

"तुला कसं ठाव?"

"गाडग्यात थोडी ठिवलतीस. चाखली."

चाखली म्हणली गुरजी. मी हो का न्हाई म्हणायच्या आत तिचं तोंड लाल झालं. "मुद्दाम केलंस ना? मला हितपतोर आणायला? तुझ्या खोड्या मेल्यावरबी जायच्या न्हाईत, बघ. अनवाणी आलेय मी. काटे मोडलेत पायात."

 आठ महिन्यानं ती माझ्यावर चिडलीय, दुःखानं न्हाई, काट्यानं. मी म्हणले, "व्हय. मुद्दामच केलं."

तिनं मडक्यात मीठ टाकलं, ढवळलं, वाटी भरली. येकच. ओठाला लावली, डोळे मिटले आन सुर्र आवाज आला. नक्कल होती का आपसूक झालं, इचारायचं माझं धाडस झालं न्हाई. डोळे मिटलेलेच होते, आन कडंनं पाणी यायलेलं. मला तिथं बसवंना. "आलेच" म्हणले आन तुरीत गेले. दोन ओळींमधी बसले, पदर तोंडात कोंबला. मालकासाठी रडले, जावयासाठी रडले, आन तुमच्यासाठीबी रडले. वर बघते तर ती हुबी. मी पळालते तुमच्यावेळी. ती न्हाई पळाली. काटे मोडलेल्या पायानं तिथंच माझ्या बाजूला बसली.

"माय," म्हणली, "बाप गेला तवाबी तू असंच केलंस का? लपून?"

"रोज न्हाई. तुरीच्या हंगामाला."

तिनं माझ्या खांद्यावर येक चापट मारली. नाकातनं कायतरी आवाज निघाला तिच्या. हसू म्हणायला जीव होत न्हाई, पर रडूबी न्हवतं. मग मी तिला तुमची गोष्ट सांगितली. हिरीची तिला पाठ होती. तुरीतली सांगितली. ती म्हणली, "मग हे आधी कामून न्हाई सांगितलंस?"  कामून न्हाई सांगितलं गुरजी मी? अर्धीच गोष्ट सांगत फिरले जलमभर, आन माझ्या लेकीला वाटलं की मायच्या आत काही न्हाईच.

ही कालची गोष्ट. तुमाला वाटंल आता सगळं बरं झालं. न्हाई झालं. आज सकाळी ती परत कणगीपाशी, भितीकडं तोंड. अर्धी भाकरी खाल्ली. अर्धीच. पायातले काटे मी काढायले तर पाय वढून घेतला. औषध अजून अक्काकडंच हाय. मी आज फोटूपुढं चहा ठिवला, पर बोलायला काय सुचलं न्हाई, तसाच पिले. तुमी त्या येळवसच्या दुसऱ्या दिवशी शाळेत आलात, हजेरी घेतलीत, "हं, बोला" म्हणलात, येवढं मला आठवतंय. पर शाळा सुटल्यावर घरी जाऊन काय केलंत? तिसऱ्या दिवशी काय केलंत? बारा महिने कसे काढलेत? ते इचारायला पायजे होतं मी. लेकरू होते, ढेकर मोजत बसले. आता पत्ता न्हाई, टपाल न्हाई, हे पत्र टाकू कुठं? पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली ठिवते, लागलं तर चुलीला व्हईल.

येक राहिलं. मीठ मी मुद्दाम सोडलं न्हवतं. इसरले होते. चाळीस वरसात पयल्यांदा. मिठाच्या डब्यात हात घातला आन कशाला घातलाय तेच आठवंना. तसाच काढून घेतला. लेकीला वाटायलंय, मायची खोडी हाय, माय अजून तशीच हाय. गुरजी, तुमी तिला सांगू नका.